बाळंतिणीचें मन

आपल्या घरांतून बाळंतिणीच्या शरीराची सहसा हयगय होत नाहीं. डिंक, अळीव, खसखस, शेकशेगडी, धुरी, कानांवरून बांधलेला रुमाल. सव्वा महिना तिला वाऱ्यापासून जपलें जातें. परंतु तिच्या मनाला काय होत आहे, हें विचारण्याची चाल मात्र या साऱ्या व्यवस्थेंत कोठेंच नाहीं. ती रडूं लागली तर दृष्ट काढतात. आणि तरीहि रडणें थांबलें नाहीं, तर ‘आम्हांला का मुलें झालीं नाहींत?’ हा प्रश्न ठरलेलाच.

वास्तविक थोडें रडूं स्वाभाविकच आहे. वार पडल्यावर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचें रक्तांतील प्रमाण झपाट्यानें उतरतें. त्यांत जागरणाची भर. पांचवीच्या सुमारास डोळे वारंवार भरून येतात, चिडचिड होते. आणि बारसें आटोपून दोन दिवस जातात न जातात तोंच हें बहुधा आपोआप निवळतें. परंतु दोन आठवडे लोटूनहि जिची उदासी हटत नाहीं, बाळ निजलें असतांहि जिला झोंप येत नाहीं, बाळाविषयीं माया वाटेनाशी होते आणि ‘मी आई व्हावयास नालायक’ असें जी म्हणूं लागते, तिला नैराश्य हा आजार झाला असण्याचा संभव आहे. कित्येकदां तो गरोदरपणांतच सुरू झालेला असतो. कित्येकदां ती माहेराहून सासरीं परतल्यावर उघड होतो.

गोव्यांतील एका रुग्णालयांत याची पाहणी झाली होती. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या वृत्तांतानुसार, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं तपासलेल्या मातांपैकीं शेंकडा २३ जणींस हें नैराश्य होतें. दारिद्र्य, नवऱ्याशीं बिनसलेलें नातें आणि मुलगी होणें यांचा त्याच्याशीं संबंध आढळला. मुलगी होण्यांत आजार कसला? पण पेढ्यांच्या जागीं बर्फी वांटतांना घरच्यांचे चेहरे कसे झाले, हें खाटेवरच्या बाळंतिणीस दिसत असतें.

हा आजार बरा होतो, आणि दर वेळीं त्यासाठीं मोठा तज्ज्ञच लागतो असेंहि नाहीं. पाकिस्तानांत रावळपिंडीकडील खेड्यांतून आरोग्यसेविकांना थोडें शिक्षण देऊन अशा मातांच्या घरीं पाठविण्यांत आलें. तिचें ऐकून घ्यावें, मनांतल्या विचारांची गांठ सोडवावी, घरच्यांना मदतीस लावावें, हें त्यांचें काम. २००८ सालच्या निष्कर्षांप्रमाणें, मूल सहा महिन्यांचें झालें तेव्हां त्या मातांपैकीं शेंकडा २३ जणीच आजारी उरल्या. शिक्षण न मिळालेल्या सेविकांच्या भेटी ज्यांना मिळाल्या, त्यांच्यांत तेंच प्रमाण ५३ होतें.

आजार अधिक असेल तर डॉक्टरांस दाखवावेंच. अंगावर पाजणें चालू ठेवून घेतां येतील अशीं औषधें आहेत. रक्ताची व थायरॉइडची तपासणीहि करून घ्यावी. मरणाचे विचार मनांत येतात काय, हें स्पष्ट विचारावें. विचारल्यानें ते डोक्यांत शिरत नाहींत. १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसा-रात्रीं केव्हांहि विनामूल्य सल्ला मिळतो. मात्र तिला भलतेंच दिसूं-ऐकूं लागलें, ती असंबद्ध बोलूं लागली, तर बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यांत वेळ दवडूं नये. हजारांत एकदोघींस होणारा तो निराळा व भयंकर आजार आहे. तिला व बाळाला क्षणभरहि एकटें न सोडतां त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें.