पेढीचे सॉफ्टवेअर : पंधरवड्यागणिक एक भाग

जरीपटक्याच्या बाजारपेठेत अनेक दुकानांत आज दोन पिढ्या एकाच गल्ल्यामागे बसतात. साठा, उधारी आणि बिले यांसाठी आपल्या गरजेप्रमाणे सॉफ्टवेअर करून घ्यावे, असे मुलाचे म्हणणे. वडिलांचे म्हणणे असे की, आधी संपूर्ण यादी लिहावी, किंमत व तारीख ठरवावी, मगच विसार द्यावा. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना मीही हीच शिस्त शिकलो. तिला कमी लेखण्याचा हेतू नाही. इमारतीच्या कामाला ती शोभते. सॉफ्टवेअरला मात्र ती पुष्कळदा बाधते, कारण नेमके काय हवे हे वस्तू हाताळल्यावरच उमगते. वर्षभराने आलेल्या प्रणालीत कटपीस विकण्याची सोयच नाही, हे कापड दुकानातील विक्रेत्याला पहिल्याच दिवशी दिसते. तोवर रक्कम चुकती झालेली असते. शिवाय बाजार थांबत नाही. जीएसटीच्या दरबदलाचा निर्णय ३ सप्टेंबर २०२५ रोजी झाला आणि तो २२ सप्टेंबरला लागूही झाला. कोणत्या यादीत हे आधी लिहिता आले असते?

अशाच अडचणींतून फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’, म्हणजे चपळ, कार्यपद्धतीचा जाहीरनामा तयार केला. काम लहान भागांत विभागावे, दोन-चार आठवड्यांत एक वापरण्याजोगा भाग वापरणाऱ्याच्या हाती द्यावा आणि त्याचा अनुभव ऐकून पुढचा ठरवावा, असे तिचे साधे स्वरूप आहे.

व्यापाऱ्याला यात परके काही वाटू नये. रोजमेळ जुळल्याशिवाय पेढी बंद होत नसे. बिर्ला उद्योगसमूहात ‘पडता’ पद्धतीने खर्च व अपेक्षित नफा यांचा ताळा दररोज घेतला जाई. वार्षिक ताळेबंदाची वाट पाहिली जात नसे. खरी अडचण अधिकाराची आहे. रोजमेळ वर शेठजींकडे जातो. येथे मात्र निर्णय खाली उतरतो.

हे किती जड जाते, याचा दाखला एका बँकेचाच आहे. नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेने २०१५ मध्ये मुख्यालयातील सुमारे ३,५०० कर्मचाऱ्यांची जुनी खाती मोडून साधारण नऊ-नऊ जणांचे गट केले. विपणन, उत्पादन आणि संगणक विभागांतील माणसे एकाच गटात बसू लागली. नव्या रचनेत जागा मिळविण्यासाठी तेथील लोकांना पुन्हा अर्ज करावे लागले. आपल्याकडील एखाद्या बँकेत असे परिपत्रक निघाले असते, तर दुसऱ्या दिवशी द्वारसभा ठरलेलीच!

दुकानाला एवढी उलथापालथ नको. करारात रक्कम भागागणिक ठरवावी आणि कोणत्याही भागानंतर थांबण्याचा हक्क राखावा. पहिला भाग उधारीच्या खात्याचा असावा, कारण पैसा तेथेच अडकतो. दर पंधरवड्याच्या बैठकीत मुनीमजी आणि काउंटरवरचा मुलगा यांना आधी बोलू द्यावे. शेठजींनी शेवटी बोलावे. कागदी खतावणी पहिले तीन महिने सोबत चालू ठेवावी. बँकांचे संगणकीकरण झाले तेव्हा आम्हीही जुनी लेजरे काही काळ समांतर लिहीत होतो, आणि दोन्हींची शिल्लक रोज संध्याकाळी ताडून पाहिली जाई.