सिद्धार्थाचा गृहत्याग : पडद्यावरचा आणि बाबासाहेबांच्या ग्रंथातला

बुद्ध जयंती आली की अनेक विहारांत आणि वस्त्यांत तथागतांच्या जीवनावरील चित्रपट दाखवले जातात. घरातील वडीलधारी, महिला, मुले एकत्र बसून ते पाहतात. या चित्रपटांतील एक प्रसंग आपण नीट समजून घेतला पाहिजे, तो म्हणजे सिद्धार्थाचा गृहत्याग. स्वातंत्र्य, धैर्य आणि कुटुंब यांचा कोणता अर्थ मुले घरी घेऊन जातील, हे बरेचसे या प्रसंगावर ठरते.

सर्वांना माहीत असलेली कथा अशी. राजपुत्राला वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसतात. मग एका रात्री पत्नी आणि बाळ झोपेत असताना तो घोड्यावरून निघून जातो. 'बुद्धचरित' आणि 'निदानकथा' यांत ही कथा थोड्याफार फरकाने आहे. एडविन अर्नोल्ड यांच्या 'द लाइट ऑफ एशिया' या काव्यामुळे ती जगभर पोहोचली. त्याच काव्यावरून हिमांशु राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांनी १९२५ मध्ये 'प्रेम संन्यास' हा मूकपट काढला. बर्नार्डो बर्टोलुची यांच्या 'लिटल बुद्धा' (१९९३) मध्येही महाल झोपलेला असतानाच सिद्धार्थ बाहेर पडतो. हे दृश्य डोळ्यांत भरते, पण त्यामुळे एक प्रश्न मागे राहतो. बायको-मुलाला न सांगता जाणाऱ्याला धैर्यवान का म्हणायचे? वस्तीतील महिला हा प्रश्न विचारतात, आणि तो योग्यच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही कथाच तपासून पाहिली. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते विचारतात की, २९ वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, आजारी किंवा मृत माणूस पाहिलाच नाही, हे बुद्धीला पटते का?

ग्रंथात ते वेगळे कारण मांडतात. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद पेटला. शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. संघाचा सदस्य असलेल्या सिद्धार्थाने विरोध केला आणि दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी वाद मिटवावा असे सुचवले. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. सैन्यात जायला नकार दिल्यावर त्याच्यापुढे फाशी किंवा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती, एवढेच पर्याय उरले. माझ्या निर्णयाची शिक्षा घरच्यांना नको, असे सांगून त्याने परिव्रज्या स्वीकारली. जाण्याआधी तो आई-वडिलांशी आणि यशोधरेशी बोलला. यशोधरेने संमती दिली. राहुलला सांभाळायचे नसते तर आपणही परिव्रज्या घेतली असती, असे ती सांगते.

हा विचार एकट्या बाबासाहेबांचा नव्हता. धर्मानंद कोसंबी यांनीही 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्ताकडे लक्ष वेधले आहे. त्या सुत्तात आई-वडील रडत असताना घर सोडल्याचे वर्णन आहे. म्हणजे रात्री गुपचूप निघून जाण्याची कथा तिथे बसत नाही.

बाबासाहेबांच्या ग्रंथावर आधारित 'अ जर्नी ऑफ सम्यक बुद्ध' हा हिंदी चित्रपट २०१३ मध्ये आला. मोठ्या बजेटच्या चित्रपटांच्या तुलनेत त्याची चर्चा कमी झाली. तरी विहारात दाखवण्यासाठी चित्रपट निवडताना त्याचा विचार व्हायला हवा.

या मांडणीत स्वातंत्र्य म्हणजे बहुमत विरोधात असतानाही आपल्या विवेकाने मत देणे. धैर्य म्हणजे त्याची किंमत स्वतः मोजणे. कुटुंब हे तोडून टाकायचे बंधन राहत नाही. निर्णयात त्याला विश्वासात घ्यायचे असते. बहिष्काराची धमकी तर आपल्या समाजाला नवी नाही. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

जुनी कथा दाखवणारे चित्रपट बंद करा, असे मुळीच म्हणायचे नाही. छायाचित्रण, अभिनय आणि करुणेचा संदेश म्हणून ते जरूर पाहावेत. फक्त चित्रपट संपल्यावर लगेच उठू नये. ग्रंथाच्या पहिल्या खंडातील रोहिणीच्या वादाचे प्रकरण मोठ्याने वाचावे आणि मुलांना विचारावे, "यशोधरेला न सांगता गेलेला सिद्धार्थ आणि तिची संमती घेऊन गेलेला सिद्धार्थ, यांपैकी तुम्हाला कोणता पटतो? का?" उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. स्वतः तपासून मग स्वीकारा, हीच तर तथागतांची शिकवण आहे.