मनोविकारतज्ज्ञ आणि सायकोथेरपी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सायकोथेरपी म्हणजे ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या वेळी, संवादातून केले जाणारे उपचार. हे काम मानसशास्त्रज्ञांचे आणि गोळ्या लिहून देणे मनोविकारतज्ज्ञांचे, अशी वाटणी सर्रास केली जाते. मनोविकारशास्त्राकडे वळू पाहणारे एमबीबीएसचे कित्येक विद्यार्थीही तीच धरून चालतात. इतिहास काही वेगळेच सांगतो. सिग्मंड फ्रॉइड मज्जाविकारतज्ज्ञ होते. १९६०च्या दशकात कॉग्निटिव्ह थेरपी उभी करणारे अ‍ॅरन बेक मनोविकारतज्ज्ञ होते, आणि १९२२ मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषणाची भारतीय संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस हेही डॉक्टरच. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस मात्र मानसशास्त्रज्ञ. महाराष्ट्रात ही पद्धती रुजवणाऱ्यांत कि. मो. फडके यांच्याबरोबर ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे संस्थापक, मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांचे नाव घेतले जाते. खरी सीमारेषा औषधांपाशी आहे. भारतात मानसशास्त्रज्ञाला औषध लिहून देता येत नाही. मनोविकारतज्ज्ञाला थेरपी करण्यासाठी मात्र वेगळा परवाना लागत नाही.

परवाना लागत नाही, म्हणजे एम.डी. झाले की थेरपी आपसूक येते, हा दुसरा आणि जास्त महागात पडणारा गैरसमज. एमबीबीएसमध्ये हा विषय जेमतेम काही आठवड्यांच्या पोस्टिंगपुरता भेटतो. पुढे एम.डी. किंवा डीएनबीच्या तीन वर्षांत सायकोथेरपी अभ्यासक्रमात असते, पण प्रत्यक्षात किती केसेस करून घेतल्या जातात हे विभागागणिक बदलते. ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना एकाच रुग्णासाठी पाऊण तास काढायचा, तर विभागप्रमुखाने ते मनावर घ्यावे लागते. प्रवेशाच्या वेळी कॉलेजचे नाव आणि स्टायपेंड पाहिले जाते. ‘इथे थेरपीच्या केसेसना सुपरव्हिजन कोण देते?’ हे क्वचितच कुणी विचारते.

वास्तविक सगळे शिक्षण या सुपरव्हिजनमध्ये आहे. निवासी डॉक्टर आपल्या सत्राचा वृत्तान्त वरिष्ठांपुढे मांडतो. समजा, रुग्ण म्हणाला, ‘मी नसतो तर घरचे सुटले असते,’ आणि डॉक्टरने लगेच उत्तर दिले, ‘असे बोलू नका, मुलांकडे बघा.’ वरिष्ठ तिथेच थांबवतात. घाई का झाली? त्या वाक्यामागे आत्महत्येचा विचार आहे का, हे विचारायचे राहिले की टाळले? रुग्णाची अस्वस्थता सहन होत नव्हती, की डॉक्टरची स्वतःची? थेरपी म्हणजे गोड शब्दांत दिलेला सल्ला, ही समजूत अशा तासाभरात गळून पडते. पुस्तक वाचून किंवा शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून ही नजर येत नाही.

काही देशांत ही गोष्ट विभागाच्या मर्जीवर सोडलेली नाही. ब्रिटनमध्ये मनोविकारशास्त्राच्या पहिल्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणात देखरेखीखाली थेरपीची एक छोटी आणि एक दीर्घ केस पूर्ण करावी लागते, शिवाय रुग्ण-डॉक्टर नात्यावर चर्चा करणाऱ्या गटात नियमित बसावे लागते. अमेरिकेतील चार वर्षांच्या रेसिडेन्सीत आधारात्मक, मनोगतिक आणि कॉग्निटिव्ह बिहेविअरल, अशा तिन्ही पद्धतींत तयारी अपेक्षित असते.

‘आधी मानसशास्त्रात बी.ए. करू, मग मनोविकारतज्ज्ञ होऊ’ हा बारावीच्या घराघरांतला समज मात्र दोन वाक्यांत निकालात निघतो. मनोविकारतज्ज्ञ व्हायचे तर नीट, एमबीबीएस आणि मग पदव्युत्तर प्रवेश परीक्षा याला पर्याय नाही. मानसशास्त्राची वाट चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाच्या कामाकडे जाते, आणि त्या कामासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. थेरपिस्टने आधी स्वतः थेरपी घेतलीच पाहिजे, हेही अर्धेच खरे: मनोविश्लेषणाच्या प्रशिक्षणात ती अट आहे, कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीत सहसा नाही.

राहिला करिअरचा प्रश्न. थेरपीची आवड म्हणजे मोठ्या शहरात खासगी दवाखाना थाटणे, याखेरीज वाटच नाही असे मानले जाते. पण एम.डी.नंतर बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत बाल व किशोर मनोविकारशास्त्रात तीन वर्षांचे डी.एम. करता येते, आणि मुलांच्या बाबतीत आईवडिलांबरोबरचे काम म्हणजे निम्मी थेरपीच असते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातही नुसत्या औषधांवर भागत नाही. तिसरी वाट गोव्याने दाखवली आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या संगथ या संस्थेच्या स्थापनेत मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांचा वाटा होता. तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना नैराश्यावरची सहा ते आठ सत्रांची थेरपी शिकवली गेली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिची शास्त्रीय चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. थेरपीची जोड मिळालेल्या रुग्णांत सुधारणा अधिक दिसली. अशा रचनेत मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक सत्र स्वतः घेत नाही. तो प्रशिक्षण देतो, सुपरव्हिजनची घडी बसवतो आणि गंभीर रुग्ण स्वतःकडे घेतो. ब्रिटनमध्ये तर ‘मेडिकल सायकोथेरपी’ ही मनोविकारशास्त्राची मान्यताप्राप्त उपशाखा आहे आणि सल्लागार डॉक्टर त्या पदावर नेमले जातात. भारतात तशी स्वतंत्र डी.एम. शाखा नाही, त्यामुळे ज्याला हेच काम करायचे आहे त्याला एम.डी.नंतरही सुपरव्हायझर स्वतःच शोधावा लागतो.