राखणदाराचे पांढरे तोंड

पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांत राखणीला एखादा कुत्रा असतोच. पिलू म्हणून आलेल्या त्या काळ्याभोर सोबत्याची हनुवटी एके दिवशी पांढरी दिसते आणि घरधनी म्हणतो, "याला रोग लागला, सोडून या कोठेतरी."

वाचकहो, हा रोग नव्हे. केसाच्या मुळाशी रंग निर्माण करणाऱ्या पेशी वयपरत्वे क्षीण होतात. म्हणून नवा केस रंगावाचून उगवतो. आरंभ बहुधा तोंडापासून होतो. पुढे पांढरेपणा डोळ्यांभोवती पसरतो. काळे केस उन्हाने तांबूस होतात, तेही भिण्याजोगे नाही.

मात्र तरुणपणीच तोंड पांढरे झाले, तर विचार करावा. एक ते चार वर्षे वयाच्या ४०० कुत्र्यांची पाहणी अमेरिकन संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केली. भित्र्या व उतावळ्या कुत्र्यांत अकाली पांढरेपणा अधिक आढळला. अशा वेळी कुत्रा कशाला भितो, हे धन्याने पाहावे.

केस झडून चट्टे पडले किंवा खाज सुटली, तर पशुवैद्यांना दाखवावे. एरवी म्हाताऱ्याला सावलीत जागा आणि भिजवलेली मऊ भाकर द्यावी. ज्याने आपली बाग राखली, त्याचे म्हातारपण आपण राखावे.