सायकलीवरून सांची

भोपाळहून विदिशेला सायकलीने जायचे, तर फाल्गुनासारखा महिना नाही. अंतर सुमारे ५७ किलोमीटर. पहाटे निघावे, म्हणजे उन्हे तापण्यापूर्वी सांची गाठता येते. पळसावर पान नसते, नुसता केशरी फुलोरा. गहू पिवळा पडू लागलेला, आंबा मोहरलेला. मोटारीतून हे सारे भराभर मागे पडते. सायकलीवर मोहराचा वास सोबत येतो, आणि त्याचे मोल सांचीच्या पूर्व तोरणाशी कळते. तेथली शालभंजिका आंब्याच्या फांदीला धरून झुकली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले ते झाड आपण नुकतेच वाटेवर पाहिलेले असते. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांचा लेख आहे. त्यांचे गाव पुढे दहाएक किलोमीटरवर.

पूर्वी सांची भोपाळ संस्थानात, तर भेलसा म्हणजे विदिशा शिंद्यांच्या राज्यात. १९५६ साली दोन्ही मध्य प्रदेशात आली. आपल्या घरातली मुले सांचीला मोटारीने जाऊन येतात. एका फाल्गुनात तरी त्यांना, दोघे-तिघे मिळून, सायकलीवर जाऊ द्यावे. वाटेवरचा आंबा ज्याने नीट पाहिला, त्यालाच दगडातला आंबा ओळखू येतो.