संगणक नेमका अडतो कुठे?
मर्यादित खर्चात घरगुती संगणक जोडून घेताना सुट्या भागांची निवड कोणत्या क्रमाने करावी

सुटे भाग निवडून घरासाठी संगणक जोडून घ्यायचा, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘असेंबल्ड’ संगणक घ्यायचा, असे ठरले की बहुतेक अंदाजपत्रकांची सुरुवात प्रोसेसरपासून होते. सर्वांत मोठी रक्कम त्याच्या वाट्याला जाते आणि बाकीचे भाग उरलेल्या पैशांत कसेबसे बसवले जातात. घरगुती वापराच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. मराठी टंकलेखन, मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, सरकारी अर्ज, व्हिडिओ पाहणे आणि छायाचित्रांवर थोडेफार संस्कार करणे या कामांत आजचा साधा प्रोसेसरही बराच वेळ रिकामा असतो, आणि वापरणाऱ्याला जी वाट पाहावी लागते ती बहुधा इतर भागांतील खोळंब्यामुळे. म्हणून मर्यादित पैशांत निवड करताना दोन प्रश्न पुरेसे मार्गदर्शक ठरतात: संगणक नेमका कुठे अडतो, आणि कोणता भाग पुढे सहज बदलता येणार नाही?

पहिल्या प्रश्नामागे संगणकशास्त्रातील एक जुना युक्तिवाद आहे. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली एकाच वेळी अनेक प्रोसेसर वापरण्याच्या मर्यादा दाखवताना तो मांडला आणि पुढे तो अ‍ॅम्डालचा नियम म्हणून ओळखला गेला: एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण लाभ त्या भागावर मुळात किती वेळ जात होता यावरच ठरतो. समजा, संगणक सुरू होण्यास ६० सेकंद लागतात आणि त्यांपैकी ४५ सेकंद साठवणुकीतून माहिती येण्यात, तर १५ सेकंद प्रोसेसरच्या कामात जातात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला, तर एकूण वेळ ५२.५ सेकंदांवर येतो. साठवणूक दसपट वेगवान केली, तर तोच वेळ १९.५ सेकंद होतो.

साठवणूक आणि स्मृती

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या चकतीवरून माहिती वाचली जाते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवी ती जागा वाचकाग्राखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ थांबावे लागते आणि वाचकाग्र योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ त्यात आणखी मिळवावा लागतो. संगणक सुरू होताना विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचाव्या लागत असल्याने हा थोडा थोडा विलंब साचत जातो. एसएसडी, म्हणजे हलता भाग नसलेली आणि चिपमध्ये माहिती ठेवणारी साठवणूक, हाच विलंब मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणते. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेहमीचे सॉफ्टवेअर एसएसडीवरच असावे. ५०० जीबी क्षमता बहुतेक घरांना पुरते, आणि फोटो-व्हिडिओंच्या मोठ्या साठ्यासाठी स्वस्त हार्ड डिस्क नंतर जोडता येते.

एसएसडी मुख्यतः दोन प्रकारच्या जोडणीने मिळतात. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट माहिती वाचते, तर एनव्हीएमई प्रकारची त्याहून अनेक पटींनी अधिक. घरगुती कामात मात्र हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना जाणवणारा फरक या दोन प्रकारांमधील फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो; किमती जवळपास सारख्या असतील, तर एनव्हीएमई घ्यावी, अन्यथा साटावर समाधान मानण्यात काही गमावल्यासारखे नाही. एसएसडी लवकर झिजते ही भीतीही हिशेबाने तपासावी: ३०० टेराबाइट लेखनाची हमी असलेल्या एसएसडीवर रोज २० जीबी लिहिले, तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात, म्हणजे ती मर्यादा गाठण्यास सुमारे ४१ वर्षे लागतील.

चालू कामाची माहिती जिथे तात्पुरती मांडलेली असते ती रॅम. ती भरली की संगणक त्यातील काही माहिती साठवणुकीवर हलवू लागतो आणि अनेक टॅब उघडलेला ब्राउझर अडखळू लागतो. आज ८ जीबी ही किमान, तर १६ जीबी ही निश्चिंत मर्यादा समजावी. १६ जीबीची एकच पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, तर प्रोसेसर दोन मार्गांनी एकाच वेळी स्मृतीशी बोलतो: डीडीआर४-३२०० प्रकारात एका मार्गाची कमाल क्षमता सेकंदाला २५.६ जीबी, तर दोन मार्गांची ५१.२ जीबी असते. स्वतंत्र ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकात चित्रदर्शनासाठीही हीच रॅम वापरली जात असल्याने हा लाभ अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

प्रोसेसर निवडताना त्यात ग्राफिक अंगभूत आहे की नाही हे आधी पाहावे, कारण घरगुती कामाला तेवढे पुरते आणि वेगळ्या कार्डाचा मोठा खर्च वाचतो. इंटेलच्या कोअर आय३-१२१०० मध्ये ४ गाभे आणि अंगभूत ग्राफिक आहे, पण नावाअखेर ‘एफ’ असलेल्या १२१००एफमध्ये ते नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये ६ गाभ्यांसह ग्राफिक आहे, पण ‘जी’ नसलेल्या ५६०० मध्ये नाही. थोडा स्वस्त म्हणून ग्राफिकविरहित प्रोसेसर घेतला, तर कार्ड बसवेपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही.

‘आय३’ किंवा ‘आय७’ ही श्रेणी आहे, पिढी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. २०१७ साली आलेल्या आय७-७७०० मध्ये आणि २०२२ साली आलेल्या आय३-१२१०० मध्ये गाभे प्रत्येकी ४ च आहेत, पण नंतरच्या पिढीतील आय३ अधिक वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आय७-७७०० नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; म्हणून स्वस्तात देऊ केलेला ‘आय७ संगणक’ कोणत्या पिढीचा, हे विचारल्याशिवाय सौदा करू नये. जुनेच यंत्र वापरायचे असेल, तर लिनक्सचा सन्मान्य पर्याय उपलब्ध आहे.

मदरबोर्ड वेग फारसा वाढवत नाही, पण पुढच्या बदलांची सीमा तोच आखतो. प्रोसेसर बसण्याचे सॉकेट आणि रॅमचा प्रकार त्यावर कायमचे ठरतात. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ पट्टी बसत नाही. एएमडीचे एएम५ सॉकेट केवळ डीडीआर५ स्वीकारते, तर इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, मात्र एका बोर्डावर सहसा एकच प्रकार चालतो. एच६१० चिपसेटच्या स्वस्त बोर्डावर रॅमच्या खाचा दोनच असतात, जे घरासाठी पुरेसे आहे. एनव्हीएमई एसएसडीसाठी एम.२ खाच आहे का आणि जवळ असलेल्या मॉनिटरला जुळणारे एचडीएमआय किंवा व्हीजीए द्वार आहे का, हे मात्र तपासावे.

दुर्लक्षित भाग

सर्वाधिक काटछाट होते ती एसएमपीएसवर, म्हणजे घरातील वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबात बदलून देणाऱ्या पेटीवर. कॅबिनेटसोबत येणाऱ्या अनामिक एसएमपीएसवर वॅटचा आकडा मोठा छापलेला असतो, पण तो प्रत्यक्षात पेलला जाईलच असे नाही, आणि हा एक भाग बिघडताना इतरांनाही सोबत नेऊ शकतो. ग्राफिक कार्ड नसलेल्या घरगुती संगणकाला ४०० ते ४५० वॅटचा नामांकित कंपनीचा एसएमपीएस भरपूर होतो. त्यावरील ‘८० प्लस’ या मानकाचा मूळ अर्थ असा, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर तो घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकापर्यंत पोहोचवतो.

महाराष्ट्राच्या अनेक भागांत वीज अचानक जाते, आणि लिहिण्याचे काम चालू असताना ती गेली, तर फायली खराब होऊ शकतात. त्यामुळे यूपीएस ही चैन समजू नये. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, अशा यूपीएसची मर्यादा बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते; पण मॉनिटरसह घरगुती संगणक त्यावर काम जतन करून नीट बंद करण्याइतका वेळ आरामात चालतो.

भाव दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून रकमांऐवजी क्रम पक्का करावा. विश्वासार्ह एसएमपीएस, पुरेशा जोडण्यांचा मदरबोर्ड आणि एसएसडी यांत तडजोड नको. रॅम ८ जीबीच्या एका पट्टीपासून सुरू करून दुसरी नंतर घालता येते. प्रोसेसर अंगभूत ग्राफिकचा, मध्यम आणि अलीकडच्या पिढीतील असावा. कॅबिनेट हवा खेळती राहील इतके साधे चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी होवो वा तालुक्याच्या दुकानात, कोटेशनमध्ये ‘मदरबोर्ड’, ‘एसएमपीएस’ असे मोघम शब्द स्वीकारू नयेत. प्रत्येक भागाची कंपनी, मॉडेल आणि हमीचा काळ लिहून घ्यावा आणि बिलावर सिरियल क्रमांक नोंदवून घ्यावेत. एवढी काळजी घेतलेला संगणक जुना झाला, तरी त्यातील एकेक भाग बदलत तो घरात पुढेही अनेक वर्षे वापरता येतो, आणि मोजक्या उत्पन्नातून त्यासाठी पैसे बाजूला काढणाऱ्या कुटुंबाला हाच लाभ सर्वांत मोठा आहे.