परित्यक्त रेल्वे-भूमी आणि नगरवसाहत : सांगली व सातारा

रेल्वे गावात येते तेव्हा गावाचे रूप पालटते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. पण रेल्वे गावातून निघून जाते तेव्हा मागे राहिलेल्या भूमीचे काय होते, या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. दक्षिण महाराष्ट्रातील सातारा व सांगली ही दोन शहरे या दृष्टीने तुलनेस योग्य आहेत.

पुणे-मिरज हा मीटरगेज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तयार झाला. तो सातारा शहरात शिरलाच नाही. साताऱ्यास जाणारा उतारू दूरवरच्या सातारा रोड स्थानकावर उतरे. मार्ग रुंद झाल्यावर स्थानक माहुलीजवळ आले, तरी ते शहराबाहेरच राहिले. त्यामुळे सातारा शहराच्या पोटात रेल्वेची ओसाड जागा निर्माण होण्याचा प्रसंग आला नाही.

सांगलीची गोष्ट निराळी आहे. मुख्य मार्ग मिरजेवरून गेला असल्याने सांगली संस्थानासाठी १९०७ मध्ये मिरज-सांगली ही छोटी मीटरगेज शाखा घालण्यात आली. तिचे स्थानक शहराच्या वस्तीलगत होते. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि नवा रुळमार्ग शहराच्या पूर्वेकडून, विश्रामबाग परिसरातून गेला. जुन्या स्थानकाचे प्रयोजन संपले. रूळ गेले, पण ‘स्टेशन चौक’ हे नाव लोकांच्या तोंडी कायम राहिले. आज या परिसरात वसंतदादा पाटील यांचे स्मारक आहे. सभोवती दुकाने, कचेऱ्या व घरे यांची दाटी आहे. ही वस्ती एखाद्या समग्र आराखड्यानुसार न वाढता तुकड्यातुकड्यांनी वाढली.

अशी भूमी वसाहतीच्या कामी आणताना चार गोष्टींचा क्रमाने विचार करावा लागतो. पहिली मालकीची. रेल्वेची जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात असते. तिचा व्यापारी उपयोग करण्यासाठी रेल भूमी विकास प्राधिकरण ही स्वतंत्र संस्था आहे. जमीन सामान्यतः विकली न जाता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. पट्ट्याची रक्कम जितकी मोठी, तितकी घराची किंमत चढी. म्हणून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हिस्सा आरंभीच राखून ठेवला नाही, तर तो मागाहून मिळत नाही.

दुसरी मातीची. वाफेच्या इंजिनांची राख, वंगणतेल आणि लाकडी स्लीपरांना लावलेले डांबरी रसायन वर्षानुवर्षे जमिनीत मुरते. अशी माती तपासल्याशिवाय तेथे विहीर खणणे वा भाजीपाला लावणे धोक्याचे असते.

तिसरी जोडणीची. रुळांनी शहराचे दोन भाग अलग केलेले असतात. रूळ उखडले म्हणजे रस्ते आपोआप जुळत नाहीत. जुन्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या एकमेकींस मिळतील अशी आखणी मुद्दाम करावी लागते.

चौथी गोष्ट पाण्याची. सांगलीत तीच सर्वांत कळीची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली; तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ व २०२१ मध्येही शहराने महापूर पाहिला. राज्यात निळी पूररेषा सुमारे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत निवासी बांधकामास मज्जाव असून दोन रेषांमधील पट्ट्यात ते अटींवर करता येते. रेल्वेचा भराव उंच असल्याने तो सुरक्षित वाटतो; परंतु तोच भराव शेजारच्या सखल वस्तीतील पाण्याची वाट अडवू शकतो. नव्या घरांची जोती उंचावताना जुन्या घरांत पाणी लोटले जाणार नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

एकत्रित आखणीचे उदाहरण म्हणून जर्मनीतील हायडेलबर्ग शहराकडे पाहता येते. तेथील बंद पडलेल्या मालधक्क्याच्या ११६ हेक्टर जागेवर ‘बानश्टाट’ नावाची वसाहत उभी राहिली. २०१२ पासून तेथे कुटुंबे राहावयास आली. भिंती व खिडक्या अशा बांधल्या, की घर उबदार ठेवण्यास अत्यल्प इंधन लागावे. घरांबरोबरच शाळा, बालकमंदिरे आणि मोकळी मैदाने यांचाही आराखड्यात समावेश होता.

सांगलीस त्या विस्ताराची जागा नाही आणि तेथील हवामानही निराळे आहे. घेण्यासारखे आहे ते एवढेच, की घरे, रस्ते, पाण्याचा निचरा आणि मोकळी जागा यांचा निर्णय एकाच वेळी व्हावा. मिरज येथे एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज असे तिन्ही मार्ग एकत्र येत. आता सर्वच मार्ग ब्रॉडगेज झाले आहेत. अशा बदलांतून जी भूमी मोकळी होते, तिचे भवितव्य ठरविताना स्टेशन चौकाचा अनुभव महापालिकेने व नागरिकांनी डोळ्यांपुढे ठेवावा. शहराच्या मध्यभागी अशी सलग जागा पुन्हा मिळण्याचा योग क्वचितच येतो. एकदा तिचे तुकडे पडले, की ते जोडता येत नाहीत.